जाळीला दिलेलं पोटेन्शियल एन्झाइमपर्यंत पोचतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे निकेल-लोह हायड्रोजिनेज (हायड्रोजन तयार करणारं आणि फोडणारं एन्झाइम) आहे, साधारण ०.३ मिलिमोलर. सोन्याच्या जाळीचा पातळ थराचा सेल, थराची जाडी ५० मायक्रॉन, कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या, पीएच ७ आणि सोबत पाच मीडिएटर, म्हणजे जाळी आणि एन्झाइम यांच्यात इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारे छोटे रेणू. हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत −१०० पासून −५०० मिलिव्होल्टपर्यंत पायरी-पायरीने खाली गेलात आणि प्रत्येक पायरीवर २० मिनिटं थांबलात. तरी इन्फ्रारेड बँडांची उंची स्थिरावत नाही. उतरतानाचा आणि चढतानाचा आलेख एकमेकांवर बसत नाही. नर्न्स्टचा वक्र (पोटेन्शियलनुसार अवस्थांचं प्रमाण सांगणारा) बसवला की इलेक्ट्रॉनांची संख्या ०.६ निघते. म्हणून तुम्ही विचारताय की हा सेल सोडून एन्झाइम थेट कार्बनवर बसवण्याच्या पद्धतीकडे वळावं का.

इतक्यात वळू नका. ती पद्धत चांगलीच आहे, पण तुमचा बिघाड सेलमध्ये आहे असं अजून काहीच सांगत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं व्हायला नको. पोटेन्शिओस्टॅट जाळीचं पोटेन्शियल सांभाळतो. एन्झाइमच्या पोटात खोलवर बसलेल्या धातुकेंद्राचं पोटेन्शियल तो सांभाळत नाही. या दोहोंमध्ये इलेक्ट्रॉनाचा जो प्रवास आहे, तो कुठे अडतोय हे आधी शोधायला हवं. सेल बदललात तर तो प्रवास बदलेल, पण अडलेला टप्पा तिसराच असेल तर नव्या सेलमध्येही तेच रडगाणं.

एक गोष्ट आधीच कबूल करतो: एन्झाइम कुठल्या जीवाणूचं आणि शुद्धीकरण हवेत केलं की हवाबंद पेटीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या उत्तराचा निम्मा भाग त्यावर अवलंबून आहे. तेव्हा दोन्ही शक्यता धरून लिहितो. पुढे बँडांचे जे आकडे येतील ते तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटीमीटरात किती लाटा या हिशेबाचे.

इन्फ्रारेडचं हे तंत्र या एन्झाइमला इतकं का मानवतं, ते दोन ओळींत. निकेलशेजारच्या लोहावर एक कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि दोन सायनाइड बसलेले असतात. १९९५ साली स्फटिकरचना आली तेव्हा निकेलच्या बाजूला दुसरा धातू दिसला, त्याच्यावर प्रथिनातून न आलेले छोटे रेणूही दिसले. पण ते नेमके कोणते हे क्ष-किरणांना सांगता येईना. कार्बन आणि नायट्रोजनचे जड समस्थानिक घालून घेतलेल्या इन्फ्रारेड वर्णपटांनी १९९७ पर्यंत त्यांची ओळख पटवली. सीओचा बँड १९०० ते २००० च्या दरम्यान आणि सायनाइडचे दोन बँड २०४० ते २१०० च्या आसपास येतात. प्रथिनाचे स्वतःचे मोठे बँड १६५० आणि १५५० ला, म्हणजे बरेच लांब. केंद्रावर इलेक्ट्रॉन वाढला की लोह तो थोडासा सीओकडे ढकलतं, सीओचा बंध सैल होतो आणि बँड खाली सरकतो. प्रोटॉन आला की उलट. त्यामुळे प्रत्येक अवस्थेची स्वतंत्र सही मिळते. एकट्या इलेक्ट्रॉनाचा माग काढणाऱ्या ईपीआर तंत्राला निकेल-एसआय आणि निकेल-आर या अवस्था दिसतच नाहीत, कारण त्यांत एकटा इलेक्ट्रॉन नसतो. इन्फ्रारेडला सगळ्याच अवस्था दिसतात.

तुमचं प्रमाण कमी आहे का, अशी शंकाही तुम्ही काढली आहे. हिशेब करून बघा. धातूवरच्या सीओचा मोलर शोषणांक ढोबळमानाने दोन हजार धरला तर ०.३ मिलिमोलर आणि ५० मायक्रॉनला शोषण ०.००३ येतं. चांगल्या थंड केलेल्या डिटेक्टरला ते सहज दिसतं. एक मिलिमोलर असतं तर बरं, पण नव्वद-शंभर हजार डाल्टनच्या प्रथिनाचं एक मिलिमोलर म्हणजे मिलिलिटरमध्ये जवळपास शंभर मिलिग्रॅम; ते द्रावण पाकासारखं ओघळतं आणि सेलमध्ये भरताना बुडबुडे अडकतात. ०.३ ला काम भागतं. थराची जाडीही योग्यच आहे. १६४५ च्या पाण्याच्या बँडमुळे ५० मायक्रॉनला तो भाग पूर्ण काळोखात जातो, पण तुम्हाला तिथे बघायचंच नाही. प्रथिनाच्या स्वतःच्या (अमाइड) बँडांतले फरक मोजायचे असते तर १० मायक्रॉनच्या खाली यावं लागलं असतं.

आता मूळ दुखणं. २० मिनिटांत स्थिरावत नाही याची बहुतेक जण पहिली शंका विसरणावर, म्हणजे रेणूंच्या द्रावणात आपोआप सरकण्यावर, घेतात. ती चुकीची आहे. एवढ्या आकाराच्या प्रथिनाला २५ मायक्रॉन सरकायला सहा-सात सेकंद लागतात. द्रावण दाट असलं तर त्याच्या दुपटी-तिपटीने. थराच्या जाडीत विसरण मुळीच अडत नाही. आडव्या दिशेने मात्र दोन मिलिमीटर सरकायला दहा तासांच्या वर लागतात. म्हणजे जाळी खिडकीच्या कडेपर्यंत पोचत नसेल तर कडेचं एन्झाइम तिथेच पडून राहतं आणि तासन्‌तास हळूहळू किरणाच्या वाटेत झिरपतं. जाळी किरणाच्या ठिपक्यापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठी आहे ना, हे सेल उघडून डोळ्यांनी बघा. हे फुकट होणारं काम आहे.

जाळी ठीक असेल तर उरतात तीन शक्यता. त्या वेगवेगळ्या करता येतात, आणि माझ्या मते तुमच्या उत्तराचा गाभा इथेच आहे.

पहिली शक्यता, एन्झाइम स्वतःच संथ आहे. हवेत शुद्ध केलेल्या बऱ्याच निकेल-लोह हायड्रोजिनेजांत निकेल-ए नावाची निष्क्रिय अवस्था भरलेली असते. निकेल-बी ही दुसरी निष्क्रिय अवस्था लवकर जागी होते. निकेल-ए मात्र हायड्रोजनखालीही तासन्‌तास घेते. दोघींचे सीओ बँड अनेक एन्झाइमांत इतके जवळ असतात की ४ च्या रिझोल्यूशनवर एकच बँड दिसतो आणि माणूस फसतो. तुमच्या नमुन्यात ही सरमिसळ असेल तर उतरताना निकेल-ए हळूहळू कमी होत राहणार आणि चढताना ती परत तयार होणार नाही, कारण सेलमध्ये ऑक्सिजन नाही. दोन आलेख न जुळण्याचं याहून साधं कारण नाही. उपायही साधा आहे: सेलमध्ये भरण्याआधी नमुना हायड्रोजनखाली काही तास ठेवा, मग हायड्रोजन काढून टाका आणि मोजणी सुरू करा. तुमचं एन्झाइम ऑक्सिजन सहन करणाऱ्या गटातलं असेल, उदाहरणार्थ ई. कोलायचं हायड्रोजिनेज-१, तर निकेल-एचा प्रश्नच येत नाही. तिथे ही शक्यता खोडून पुढे जा.

दुसरी शक्यता, मीडिएटर कमी पडताहेत. मीडिएटर आपल्या मध्यबिंदूच्या (ज्या पोटेन्शियलला त्याची दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात) दोन्ही बाजूंना साधारण ६० मिलिव्होल्टपर्यंतच नीट काम करतो, कारण त्यापलीकडे त्याचं एक रूप दहा टक्क्यांच्या खाली जातं. पीएच ७ ला मध्यबिंदू मिलिव्होल्टमध्ये असे: मेथिलीन ब्लू +११, इंडिगो डायसल्फोनेट −१२५, अँथ्राक्विनोन-२-सल्फोनेट −२२५, बेंझिल व्हायोलोजेन −३५० च्या आसपास, मिथाइल व्हायोलोजेन −४४६. तुमची यादी या पट्टीवर मांडा आणि मोकळी जागा कुठे राहते ते बघा. क्विनोन आणि रंगद्रव्यांचे आकडे पीएचनुसार बदलतात, व्हायोलोजेनचे बदलत नाहीत. पीएच ६ ला किंवा ९ ला गेलात तर पीएच ७ साठी जमवलेली शिडी मोडते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय एका एन्झाइमला एक इलेक्ट्रॉन पुरत नाही. सक्रिय केंद्रापर्यंत जाणारी लोह-गंधक समूहांची साखळीही भरावी लागते. ५० मायक्रोमोलर मीडिएटरला ०.३ मिलिमोलर एन्झाइमसाठी कैक फेऱ्या माराव्या लागतात.

या दोन शक्यता वेगळ्या करायची माझी नेहमीची रीत सांगतो. एकाच पोटेन्शियलवर, समजा −२८० वर, तीन तास बसा आणि दर दोन मिनिटांनी वर्णपट घ्या. मग ताजा नमुना, मीडिएटर दुप्पट, बाकी सगळं तसंच. बँड वाढण्याचा वेग बदलला तर इलेक्ट्रॉन मीडिएटरपाशी अडत होता. वेग तोच राहिला तर अडचण एन्झाइमच्या आत आहे आणि तुम्ही कितीही रंग ओतलेत तरी फरक पडणार नाही. दोन दिवस जातील, पण त्यानंतर तुम्हाला अंदाजाने काही करावं लागणार नाही.

तिसरी शक्यता मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती या एन्झाइमच्या स्वभावातच आहे. हायड्रोजिनेजला इलेक्ट्रॉन दिले की ते त्यांचा हायड्रोजन करतं. पीएच ७ ला एक बार हायड्रोजनचं समतोल पोटेन्शियल −४१४ आहे. बंद सेलमध्ये तुम्ही −३५० ला थांबलात तर समतोलासाठी विरघळलेला हायड्रोजन काही मायक्रोमोलर पुरतो. तो चटकन तयार होतो आणि सगळं शांत होतं. −४५० ला समतोलासाठी सोळा बार हायड्रोजन लागेल. −५०० ला आठशेच्या आसपास! तिथे समतोल कधीच येणार नाही. एन्झाइम हायड्रोजन करत राहणार, जाळी इलेक्ट्रॉन पुरवत राहणार, प्रोटॉन खर्च होऊन थरातला पीएच चढत राहणार आणि शेवटी बुडबुडा येणार. त्या भागात तुम्ही मोजता ती एक शर्यत असते: मीडिएटर किती वेगाने इलेक्ट्रॉन आणतो आणि एन्झाइम किती वेगाने खर्च करतं. केंद्राला जाणवणारं पोटेन्शियल जाळीच्या पोटेन्शियलपेक्षा वर राहतं. चढताना साठलेला हायड्रोजन उलट दिशेने इलेक्ट्रॉन परत देतो. तुमचे आलेख −४०० च्या खाली सर्वांत जास्त फाटत असतील तर मला दुसरं कारण शोधायची गरज वाटणार नाही.

त्यामुळे मी स्वतः बंद सेलमध्ये समतोल मोजताना त्या पीएचच्या हायड्रोजन रेषेच्या (एक बारच्या समतोल पोटेन्शियलच्या) खाली फारसा जात नाही. खालच्या अवस्था हव्या असतील तर पीएच वाढवतो. पीएच एकाने वाढला की हायड्रोजनची रेषा ५९ मिलिव्होल्टने खाली जाते आणि तेवढी जागा मिळते. अर्थात एन्झाइमच्या अवस्थांचे आकडेही पीएचबरोबर सरकतात, कारण इथे इलेक्ट्रॉनासोबत बहुतेकदा प्रोटॉनही येतो. जागा मिळते ती काही वेळा नावापुरतीच. बफर मात्र शंभर मिलिमोलरच्या खाली ठेवू नका.

आता ०.६ च्या आकड्याबद्दल. एका इलेक्ट्रॉनाची साधी अदलाबदल असेल तर २५ अंशांना दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत जायला ११३ मिलिव्होल्ट लागतात. तुमचा वक्र याहून पसरट आहे. असमतोल हे एक कारण झालंच. दुसरं असं की तुम्ही निकेल-सीचा बँड घेऊन त्याला एकाच पायरीचा वक्र बसवलाय, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. निकेल-सी ही मधली अवस्था आहे. वरून निकेल-एसआयकडून ती भरते आणि खाली निकेल-आरमध्ये रिकामी होते. तिचा आलेख घंटेच्या आकाराचा असायला हवा. दोन पायऱ्यांचे मध्यबिंदू अगदी एकाच जागी असले तर निकेल-सी कधीही एक-तृतीयांशाच्या वर जात नाही. त्यांत ११८ मिलिव्होल्टचं अंतर असलं तर ८३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे घंटेची उंचीच तुम्हाला दोन पायऱ्यांमधलं अंतर सांगते. तिन्ही अवस्थांचे बँड एकत्र घेऊन, बेरीज कायम धरून, एकदमच वक्र बसवा. निकेल-एल ही आणखी एक अवस्था दिसत असेल तर तिला वेगळी पायरी देऊ नका. तिच्यात निकेल-सीइतकेच इलेक्ट्रॉन असतात, फक्त प्रोटॉनची जागा बदललेली असते. दोघींची बेरीज करून बसवा.

कार्बनवर एन्झाइम बसवण्याबद्दल. ऑक्सफर्डमध्ये कायली व्हिन्सेंट यांच्या गटाने ही पद्धत घडवली आणि २०१५ साली ई. कोलायच्या हायड्रोजिनेज-१ वर दाखवली. एन्झाइम बारीक कार्बन कणांवर चिकटवतात, कणांचा थर सिलिकॉनच्या प्रिझमवर ठेवतात आणि वरून द्रावण वाहतं ठेवतात. किरण प्रिझमच्या आतून परावर्तित होतो आणि जेमतेम अर्धा मायक्रॉन बाहेर डोकावतो, त्यामुळे पाण्याचा त्रास बहुतांशी टळतो. मीडिएटर लागत नाही, वायू हवा तसा बदलता येतो, आणि ज्या एन्झाइमचा वर्णपट घेताय त्याच एन्झाइमचा विद्युतप्रवाह त्याच क्षणी मिळतो. निकेल-एल ही अवस्था एन्झाइम प्रत्यक्ष काम करत असताना दिसते, हे अशाच मोजणीतून पुढे आलं. माझ्या तिसऱ्या शक्यतेवर हा खरा उपाय आहे, कारण तयार झालेला हायड्रोजन प्रवाहाबरोबर निघून जातो.

पण त्यातून मिळतं ते वेगळंच काहीतरी. वाहत्या सेलमध्ये काम करणाऱ्या एन्झाइमच्या अवस्थांची वाटणी ही वेगांवर ठरते. तिला नर्न्स्टचा वक्र बसवून मध्यबिंदू काढलात तर तो आकडा निरर्थक आहे. हायड्रोजन नसताना आणि हायड्रोजनच्या रेषेच्या बऱ्याच वर राहूनच तिथे समतोल मोजता येतो. दुसरी अडचण अशी की कार्बनवर बसलेलं सगळंच एन्झाइम विजेला जोडलेलं नसतं. काहींचं लोह-गंधक टोक चुकीच्या दिशेला तोंड करून बसतं. फरकाचे वर्णपट घेतले की हे न हलणारं एन्झाइम वजाबाकीत गायब होतं आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. म्हणून एकदा तरी वजाबाकी न केलेला वर्णपट बघा आणि दोन टोकांच्या पोटेन्शियलवर पूर्ण बँड हलतो का ते तपासा. काही एन्झाइमं कार्बनला धरतच नाहीत. ते आधी कळत नाही, करूनच बघावं लागतं. सिलिकॉनवर सोन्याचा खडबडीत थर चढवून त्यावर एन्झाइम बसवण्याचा तिसरा मार्गही आहे. त्यात पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरच्या आतलाच बँड मोठा होऊन दिसतो. तुमच्या प्रश्नासाठी मी तिकडे जाणार नाही.

या पद्धतीचा एक छुपा फायदा सांगायला हरकत नाही. एक बार हायड्रोजन वाहत असताना तुमचं एन्झाइम स्वतःच हायड्रोजन इलेक्ट्रोड होतं. प्रवाह शून्य होतो तो बिंदू पीएच ७ ला −४१४ असायलाच हवा. तो ३० मिलिव्होल्टने चुकत असेल तर तुमचा सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड बिघडलाय. पातळ थराच्या सेलमध्ये ही तपासणी आपोआप होत नाही, आणि मी बघितलेल्या विचित्र निष्कर्षांपैकी कैक केवळ सरकलेल्या संदर्भाचे होते.

दोन सापळे, दोन्ही मी स्वतः पाय घालून बघितलेले. एक, फेरिसायनाइड. वरच्या पोटेन्शियलसाठी सोयीचा मीडिएटर म्हणून मी तो घातला आणि २११५ ला आणि २०३७ ला सुंदर बँड मिळाले, पोटेन्शियलबरोबर इमानदारीने बदलणारे. ते फेरिसायनाइडचे आणि फेरोसायनाइडचेच होते. वर्णपटाच्या या भागात मोजायचं असेल तर सायनाइडवालं काहीही घालू नका. दुसरा, सोडियम अझाइड. स्तंभ किंवा गाळणी सडू नये म्हणून कुणीतरी घातलेलं असतं आणि ते २०४८ च्या आसपास येतं. तो बँड हलत नव्हता, म्हणून मी त्याला ‘निष्क्रिय एन्झाइमचा सायनाइड’ असं नाव देऊन तीन आठवडे सांभाळलं. आता नव्या नमुन्यासोबत गाळणीतून आलेल्या बफरचाही वर्णपट घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

तुमच्या एन्झाइमवर सीओ नसता तर हे सगळं उत्तर वेगळं झालं असतं. लोह-लोह हायड्रोजिनेजांत तो आहेच, वर १८०० च्या आसपास दोन लोहांमधल्या पुलाचा बँडही मिळतो. हीमवाल्या एन्झाइमांना बाहेरून सीओ द्यावा लागतो, म्हणजे तुम्ही विषबाधा झालेलं एन्झाइम मोजता हे लक्षात ठेवून. फॉर्मेट डिहायड्रोजिनेजसारख्यांत तर असा निरोप्या नसतोच.

तेव्हा माझ्या हातात तुमचा उरलेला नमुना असता तर मी असं केलं असतं. आधी बफरचा वर्णपट. मग नमुना हायड्रोजनखाली काही तास. पीएच ८ ला, −१५० ते −४४० याच पट्ट्यात, रिझोल्यूशन २ वर, आणि प्रत्येक पायरीवर घड्याळ न बघता सलग दोन वर्णपट एकमेकांवर बसेपर्यंत थांबून. −२८० ची तीन तासांची परीक्षा त्याआधी. उतरताना आणि चढताना आलेख जुळले तर कार्बनवाला सेल पुढच्या प्रश्नासाठी ठेवा: एन्झाइम काम करताना कुठल्या अवस्थेत जास्त वेळ घालवतं. जुळले नाहीत, तर एन्झाइम कुठल्या जीवाणूचं, शुद्धीकरण कसं केलं आणि −२८० वरच्या वाढीचा आलेख, एवढं लिहा.